मदत हवी आहे : स्विफ्ट डिझेलला व्हीजीटी टर्बो बसवायचा आहे, कंपनीचा क्लच पेलेल का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१३ सालची मारुती स्विफ्ट व्हीडीआय आहे. इंजिन १२४८ सीसीचे, म्हणजे मारुतीने डीडीआयएस आणि फियाटने मल्टिजेट या नावाने विकलेले तेच. गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे, इंजिन निरोगी आहे, तेल पीत नाही, आणि क्लच कारखान्यातून आला तोच असून तो एकदाही उघडलेला नाही. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यामुळे ही विकून तशीच नवी घेण्याचा मार्ग उरलेला नाही, त्यामुळे हीच गाडी मनासारखी करून घ्यावी असे ठरवले आहे.

अडचण या इंजिनाच्या सर्व मालकांना ठाऊक असलेलीच आहे. कोल्हापूरहून गावी वैभववाडीला आमचे नेहमी जाणे-येणे असते, आणि परतताना करूळ घाट चढताना, घरची माणसे व आंब्याच्या पेट्या भरलेल्या असताना, तीव्र वळणावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) १५००च्या खाली गेला की इंजिनात जीव राहत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) जागा होईपर्यंत एक तर पहिला गिअर टाकावा लागतो किंवा हाफ क्लचवर गाडी ओढावी लागते. म्हणून मूळ साध्या टर्बोच्या जागी याच इंजिनाच्या ९० पीएस आवृत्तीत येणारा व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (व्हीजीटी, म्हणजे धुराचा मार्ग कमी-जास्त करणारी फिरती पाती असलेला टर्बो) बसवून त्यानुसार ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या नियंत्रणात बदल) करून घ्यावा, असा विचार आहे. आरटीओ आणि विमा यांची चौकशी मी स्वतंत्रपणे करत आहे. येथे प्रश्न केवळ क्लचचा आहे.

ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे आहे, ते म्हणतात की कंपनीच्या क्लचमध्ये भरपूर वाव असतो, त्याला हात लावण्याचे कारण नाही. याउलट माझे नेहमीचे मिस्त्री म्हणतात की टर्बो बदलला की क्लच जळणारच, तेव्हा आधी जड प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरणारा भाग) आणि सिरॅमिक प्लेट बसवा. दोघांनीही आकडा सांगितलेला नाही, म्हणून मी स्वतः थोडा हिशेब मांडला आहे आणि तो जाणकारांनी तपासावा अशी विनंती आहे.

माझ्या गाडीचे मूळ आकडे ४००० आरपीएमला ७५ पीएस (शक्ती) आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) असे आहेत. याच इंजिनाची व्हीजीटी आवृत्ती सियाझमध्ये ९० पीएस आणि १७५० आरपीएमला २०० न्यूटन मीटर देत असे, तर फियाटच्या पुंतो आणि लिनियामध्ये ९३ पीएस आणि २०९ न्यूटन मीटर. क्लचला पीएसशी देणेघेणे नसते, त्याच्यावर येतो तो टॉर्क. ४००० आरपीएमला ९० पीएस म्हणजे त्या क्षणी सुमारे १५८ न्यूटन मीटरच होतात, आणि तेवढा टॉर्क हा क्लच आजही खालच्या आरपीएमला रोज सहज वाहतो आहे. तेव्हा शक्ती ७५ वरून ९० वर गेली, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढली, तरी क्लचवरचा सर्वाधिक भार पाच ते दहा टक्क्यांनीच वाढतो, असे मला वाटते.

मात्र रिमॅप करणारे २४० न्यूटन मीटरपर्यंत नेऊ म्हणतात. ती वाढ सव्वीस टक्के होते, आणि तेथे माझा विश्वास डळमळतो. २०९ न्यूटन मीटरपर्यंत थांबलो तर हा जुना क्लच चालेल का, तो आत किती झिजला आहे हे गिअरबॉक्स न उतरवता ओळखता येते का, आणि बदलायचाच झाला तर कंपनीचाच नवा सेट पुरेसा आहे की मिस्त्री म्हणतात तसा जड सेट लागेल, एवढे कृपया सांगावे. ज्यांनी हा बदल करून गाडी घाटात वापरली आहे, त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

तुमचा हिशेब योग्य दिशेने चालला आहे. क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : घर्षणाचे पृष्ठभाग (एका प्लेटला दोन बाजू, म्हणून दोन), घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. केवळ उदाहरण म्हणून घर्षणांक ०.३, दाब ५००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ८५ मिलिमीटर धरली, तर उत्तर २५५ न्यूटन मीटर येते. तोच क्लच तापून घर्षणांक ०.२५ वर आला की उरतात सुमारे २१२. हे आकडे तुमच्या गाडीचे नव्हेत. पण गार क्लचमध्ये दिसणारा ‘भरपूर वाव’ गरम क्लचमध्ये कुठे जातो, ते यावरून कळेल. निर्माते साधारणपणे इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा वीस ते पन्नास टक्के अधिक क्षमता ठेवतात खरे, पण ती चैनीसाठी नसून झीज, उष्णता आणि भरलेली गाडी चढावर उचलण्यासाठी ठेवलेली असते. २४० न्यूटन मीटरसाठी ती खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी गिअरबॉक्स न उतरवता होते. गाडी चांगली गरम झाल्यावर मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाला, तर क्लच घसरतो आहे. पण तो घसरला नाही, तर एवढेच सिद्ध होते की त्याची क्षमता १९० पेक्षा अधिक आहे. २०९ची हमी त्यातून मिळत नाही. शिवाय डायाफ्राम स्प्रिंगचा (प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या स्प्रिंगचा) स्वभाव असा की प्लेटवरचे अस्तर झिजत जाताना दाब आधी थोडा वाढतो आणि झीज अखेरच्या टप्प्यात आली की उतरतो, त्यामुळे आज उत्तम वाटणारा जुना क्लच थोड्याच काळात दगा देऊ शकतो.

एक मुद्दा तुमचे मिस्त्री विसरत आहेत. क्लच पूर्ण पकडलेला असताना झिजत नाही, तो झिजतो घसरताना. व्हीजीटीने खालच्या आरपीएमला जोर लवकर मिळाला, तर घाटातला तुमचा हाफ क्लच कमी होईल आणि प्लेटचे आयुष्य वाढण्याचीच शक्यता अधिक. याउलट आकाराने मोठा साधा टर्बो लावला असता, तर तो आणखी उशिरा जागा झाला असता आणि कमाल टॉर्क तेवढाच राहूनही क्लच लवकर संपला असता.

सिरॅमिक प्लेट या गाडीला नको. ती झटक्याने पकडते, उभ्या गाडीपासून निघताना थरथर होते आणि शहरातल्या गर्दीत पाय व मन दोन्ही थकतात. जड प्रेशर प्लेटने पेडल कडक होते, आणि पेडल दाबताना रिलीज बेअरिंगबरोबर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवरही अधिक भार येतो. शिवाय क्लच फारच बळकट केला की जास्तीचा टॉर्क थेट गिअरबॉक्सवर जातो, आणि गिअर दुरुस्त करण्याचा खर्च क्लचच्या कितीतरी पट आहे.

माझा सल्ला असा : सव्वा लाखाला कंपनीचाच पूर्ण नवा सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बसवा, आणि टॉर्क २१० न्यूटन मीटरवर थांबवा. रिमॅप करणाऱ्यांना हेही सांगा की १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान टॉर्क एकदम न उसळता चढत गेला पाहिजे. व्हीजीटीची पाती नीट नियंत्रित झाली नाहीत तर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) क्षणभर मर्यादा ओलांडतो, आणि कागदावरच्या २१०चे रस्त्यावर २४० होतात.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचे मागचे ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील अवश्य बदलून घ्या, कारण प्लेटवर थोडे जरी तेल आले तरी नवा क्लचही घसरतो. फ्लायव्हीलवर (इंजिनाचे ते चाक ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) निळसर डाग किंवा बारीक तडे दिसतात का, ते पाहा. तडे नसतील आणि फ्लायव्हील एकसंध असेल, तर शिरोली एमआयडीसीत चांगल्या वर्कशॉपमध्ये फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) होईल. नवा सेट बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण जोर लावू नका. अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसल्याशिवाय त्याची खरी पकड येत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चाचणीतून १९० पर्यंतचेच कळते, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि निर्णय त्यानेच झाला. आता क्रम असा ठेवतो : आधी कंपनीचा क्लच सेट आणि दोन्ही सील, मग मूळ टर्बोवरच गाडी चालवून क्लच बसवून घेणे, आणि त्यानंतर व्हीजीटी, तोही २१० न्यूटन मीटरच्या मर्यादेत. काम झाल्यावर चौथ्या गिअरची चाचणी गरम क्लचवर पुन्हा करून निष्कर्ष येथेच लिहीन. रिमॅप करणाऱ्यांकडून डायनोवरचा (शक्ती व टॉर्क मोजण्याच्या यंत्रावरचा) आलेख मागणार आहे. त्यात कमाल टॉर्कच्या आकड्याखेरीज बूस्टची रेषाही मिळावी, असा आग्रह धरावा का, आणि ती कोणत्या गिअरमध्ये नोंदवून घ्यावी, हे कोणी सांगू शकेल का?