मजकुराच्या मधले फोटो मेलमध्ये तळाला ढिगात का जातात?

गॅलरीतला_मी

गिरगावातली जुनी चाळ आहे आमची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी), चार मजली. पावसाळ्याआधी एका इंजिनियरकडून तपासणी करून घेतली आणि त्याने रिपोर्ट मेलमध्येच लिहून पाठवला, म्हणजे चार ओळी मजकूर, खाली फोटो, परत चार ओळी, परत फोटो, असे एकूण ११ फोटो. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसलं. त्यांनी कमिटीला फॉरवर्ड केलं आणि माझ्या मोबाईलवर काय आलं तर आधी सगळा मजकूर सलग, "खालच्या फोटोतल्या बीमला ताबडतोब टेकू द्या" आणि त्याला चिकटून लगेच "वरची चीर नुसती गिलाव्याची आहे, काळजी नको". फोटो सगळे तळाला, टिकलीएवढे. बरं तेही नावाप्रमाणे लावलेले, म्हणजे कॅमेऱ्याने काढले त्या क्रमाने, साहेबांनी लिहिले त्या क्रमाने नाही. त्यात अजून सहा चित्रं घुसलेली, नीट बघितलं तर इंजिनियरच्या सहीखालचे लोगो!

मी मिस्त्रीला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो, फोटो मोठा करून करून संडासाच्या ब्लॉककडचा बीम दाखवला, त्याने दोन बल्ल्या मारल्या पण. संध्याकाळी सेक्रेटरी वर आले, बघितलं आणि म्हणाले अरे हा नाही रे, जिन्याजवळचा. त्याच जिन्यावरून दिवसभर अख्खी चाळ वर-खाली करत होती.

माझा प्रश्न एवढाच की फोटो कुठे दाखवायचा हे ठरवतं कोण, पाठवणारा का वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम? आणि चांगल्या मेल प्रोग्रॅमने खरं तर काय करायला हवं?

बदलापूर_फास्ट

मेल सर्व्हर सांभाळणं हेच काम आहे माझं त्यामुळे जरा लांबण लागेल, माफ करा.

मूळ मेल म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा मजकूर. १९८२ च्या नियमात फोटो सोडा, आपलं देवनागरी पण बसत नव्हतं. मग नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी माइम नावाची पद्धत बसवली, जून १९९२ मध्ये ती आरएफसी १३४१ म्हणून आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले नंबरवारी कागद). त्याच्या आधी मार्चमध्ये बोरेनस्टाइनने पहिलं अटॅचमेंट पाठवलं होतं, त्यात त्याच्या चार जणांच्या गाण्याच्या ग्रुपचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचा तुकडा होता. म्हणजे फोटो आणि आवाज दोन्ही पहिल्याच दिवसापासून आहेत, ही काही नंतर चिकटवलेली भानगड नाही.

आता तुमचा मुद्दा. माइममध्ये मेल म्हणजे डब्यासारखा असतो, एकावर एक पुडे. मल्टिपार्ट मिक्स्ड प्रकारात पुड्यांचा क्रम हा पाठवणाऱ्याचा. प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी लावता येते, इनलाइन (म्हणजे मजकुरातच दाखवायचं) किंवा अटॅचमेंट (म्हणजे सुटं जोडलेलं). ऑगस्ट १९९७ च्या आरएफसी २१८३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की इनलाइन असेल ते मेल उघडल्यावर आपोआप, आणि ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने दाखवा. अटॅचमेंट असेल तर वाचणाऱ्याने काहीतरी दाबल्याशिवाय दाखवू नका. बास. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ठरवतो पाठवणारा. पण बरेच प्रोग्रॅम चिठ्ठी न वाचता "फोटो आहे ना, टाक तळाला" करतात, त्यातून मोबाईलवाले तर जास्तच.

अजून एक प्रकार, मल्टिपार्ट अल्टरनेटिव्ह. एकच मजकूर दोनदा, आधी साधा, मग सजवलेला, आणि प्रोग्रॅमने आपल्याला कळतो त्यातला शेवटचा घ्यायचा. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने फोटो फक्त सजवलेल्या भागात कोंबले आणि तुम्ही साधा मजकूर बघत असाल तर फोटो तळाला पण येत नाहीत, गायबच. तुमचे निदान आले तरी.

फॉरवर्डचं पण बघा. नेहमीच्या फॉरवर्डमध्ये प्रोग्रॅम अख्खा डबा उपसून परत भरतो. "फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट" केलं की मूळ मेल झाकणासकट जसाच्या तसा जातो. जीमेल आणि थंडरबर्ड (कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्रॅम) दोन्हीकडे आहे, वापरत कोणी नाही.

जुना_कारकून

तुमचं सगळं बरोबर असेल हो, पण मी म्हणतो मेलमध्ये काहीही आपोआप दिसूच नये. मे २००० मध्ये आमच्या फोर्टच्या ऑफिसात तो आय लव्ह यू व्हायरस आला होता, आठवतंय का कोणाला? फाईलचं नाव दिसायचं लव्ह लेटर डॉट टीएक्सटी, पुढचं डॉट व्हीबीएस, म्हणजे हा प्रोग्रॅम आहे हे सांगणारं शेपूट, विंडोज लपवून ठेवायचं, आणि लोकांनी चिठ्ठी समजून प्रोग्रॅम चालवला. आमच्या हेडक्लार्कनी तर दोनदा, पहिल्यांदा काही झालं नाही असं वाटलं म्हणून. तेव्हापासून माझं एकच मागणं आहे की फाईलचं पूर्ण नाव, खरा प्रकार आणि साईझ दाखवा, छोटं चित्र दाखवून भुलवू नका.

आणि गॅलरीतले भाऊ, तुमच्या इंजिनियरला सांगा की फोटोवर नंबर टाक. "फोटो ७, जिन्याजवळचा बीम". पूर्वी आम्ही टायपिंगच्या नोटला जोडपत्र क्रमांक द्यायचो तसं. कुठल्याही प्रोग्रॅमने उलटंसुलटं केलं तरी अडत नाही.

बदलापूर_फास्ट

काका, नावाबद्दल शंभर टक्के. त्या २१८३ नंबरच्या आरएफसीत पण आहे की पाठवणाऱ्याने दिलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण आपोआप काहीच नको हे नाही पटलं. मेलच्या पोटात आलेला फोटो वेगळा आणि बाहेरच्या सर्व्हरवरून ओढून आणायचा फोटो वेगळा. दुसरा डाउनलोड झाला की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल कधी उघडला, एका ठिपक्याएवढं चित्र पण पुरतं त्याला. म्हणून तिथे आधी विचारायलाच हवं, नाहीतर जीमेलने डिसेंबर २०१३ पासून केलं तसं आपल्या सर्व्हरमार्फत आणून दाखवायचं. पोटातला जेपीजी दाखवायला एवढा विचार कशाला?

कानाने_वाचते

मी स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरते, दिसत नाही मला. तुमची भांडणं फोटो वर का खाली यावर चाललीत आणि माझ्याकडे काय ऐकू येतं ते सांगते. "इमेज झिरो झिरो वन. ग्राफिक. इमेज झिरो झिरो टू. ग्राफिक." असे सहा लोगो आणि मग कॅमेऱ्याने दिलेला आठ आकडी नंबर, अकरा वेळा. तो रिपोर्ट मला आला असता तर मी पण चुकीच्याच बीमखाली बल्ली लावली असती हो 😄

सजवलेल्या मेलमध्ये चित्राला पर्यायी मजकूर देता येतो, पण बहुतेक प्रोग्रॅम लिहिताना विचारतच नाहीत. फोटो टाकला की एक ओळ मागा, वाटलं तर सोडून द्या. आणि वाचताना सहीतले लोगो अटॅचमेंटमध्ये मोजू नका. मजकुराच्या आत नाव घेऊन वापरलेलं चित्र कुठलं आणि सुटं कुठलं हे मेलमध्येच लिहिलेलं असतं ना, मग "१७ अटॅचमेंट्स" कशाला सांगता?

आवाजाची फाईल तर प्लीज प्लीज आपोआप वाजवू नका. एकदा चर्चगेट लोकलमध्ये लेडीज डब्यात माझ्या मोबाईलवर कोणाच्यातरी बारशाची क्लिप फुल आवाजात सुरू झाली, माझा स्क्रीन रीडर त्याच्यावर बोलतोय, बंद कसं करू तेच कळेना. एक बाई म्हणाली अभिनंदन.

परळ_टीटी

एवढं कशाला, पीडीएफ करून पाठवा ना. प्रश्नच मिटला.

बदलापूर_फास्ट

पीडीएफने क्रम टिकतो हे खरं, पण मोबाईलवर ए-फोर पान वाचायचं म्हणजे बोटाने सरकवत बसा, आणि फोटोची क्वालिटी बनवणाऱ्याच्या मर्जीवर. साईझचा गुंता पण आहे. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाईल बेस ६४ मध्ये बदलते, तीन बाइट्सची चार अक्षरं, म्हणजे जवळपास ३३ टक्के फुगते. १८-१९ एमबीच्या पुढे गेलात की अडकणार आणि लोक म्हणणार माझी फाईल तर २५ च्या आत आहे.

गॅलरीतले भाऊ, एक राहिलं. तुमचे फोटो सरळ दिसतायत ना? मोबाईल बऱ्याचदा फोटो आडवाच साठवतो आणि "उभा दाखवा" अशी खूण आत ठेवतो. ती खूण न वाचणारा प्रोग्रॅम असेल तर उभी चीर आडवी दिसेल. बीमच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

गॅलरीतला_मी

सगळ्यांचे आभार. रात्री सेक्रेटरींच्या घरी बसून थंडरबर्डमध्ये कंट्रोल यू दाबून मूळ मेल बघितला. दोन आडव्या रेघा आणि लांबलचक आकडा, त्याखाली प्रत्येक फोटोवर इनलाइन अशी चिठ्ठी, मग अक्षरांचा नुसता चिखल, मग परत मराठी मजकुराचा पुडा. क्रम अगदी बरोबर होता! साहेबांची काही चूक नव्हती, मी उगाच फोनवर चढलो होतो त्यांच्यावर. आणि हो, दोन फोटो आडवे पडलेले निघाले, बदलापूरवाल्यांनी नेमकं ओळखलं.

साहेब आता फोटोवर नंबर आणि एक ओळ दोन्ही टाकून परत पाठवतायत, कारकून काका आणि ताई दोघांचं ऐकलं. सेक्रेटरींना फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट शिकवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलंय. जिन्याजवळ आज सकाळी बल्ल्या लागल्या. संडासाकडच्या दोन मिस्त्री काढायला निघाला होता, पण बायका म्हणाल्या राहू देत, दोरी बांधायला बऱ्या पडतात.