मदत हवी आहे: प्लास्टर काढलं, पण लेक पाय टेकवत नाही

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मांडीचं हाड मोडल्यामुळे सहा आठवडे कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर होतं. परवा ते काढलं, तर टाचेजवळ नखाएवढी जखम निघाली, आत पू झालेला. म्हणून लगेच ॲडमिट केलं. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे, ताप आज उतरला.

जखमेपेक्षा मला पायाचीच जास्त काळजी वाटते. दुसऱ्या पायापेक्षा तो बारीक झालाय, कातडीचे पापुद्रे निघताहेत. हाड नीट जुळलंय, न वापरल्याने स्नायू रोडावतात, लहान मुलं काही आठवडे लंगडतातच, असं डॉक्टर म्हणाले. पटतं. पण उभं करायला गेलं की ती पाय पोटाशी ओढून घेते आणि माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारते. डॉक्टर नुसते दारात दिसले तरी रडते. प्लास्टर कापायच्या मशीनचा आवाज तिच्या मनातून गेलेलाच नाही.

कोणाचं मूल यातून गेलंय का? किती दिवसांनी पाय टेकवला? जबरदस्ती करायची नाही हे ठरवलंय, पण खेळता खेळता उभं कसं करायचं? आणि हाताला सुई असताना तिला पलंगावर कशात रमवू? रात्री मी जागीच असते, कधीही लिहा.