इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवणाऱ्याने स्वतःला काय म्हणावे?

प्रश्न
अकरा वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यानंतर मी गेली चार वर्षे डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) प्रतिनियुक्तीवर इंग्रजीची विषय सहायक म्हणून काम करते आहे. प्रशिक्षणांच्या आदेशांत माझा उल्लेख कधी सुलभक, कधी तज्ज्ञ मार्गदर्शक, तर कधी साधनव्यक्ती असा होतो. मागच्या प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एका गुरुजींनी अगदी सौजन्याने विचारले, "मॅडम, सध्या तुमच्या वर्गाचा पट किती?" मला उत्तर देता आले नाही. कार्यालयात मी शिक्षिकाच समजली जाते आणि शाळेत पाऊल टाकले की साहेबांचे माणूस ठरते. आपल्यापैकी इतरांनी हा गुंता कसा सोडवला?

उत्तर 1 (निवृत्त अधिव्याख्याता)
या गुंत्याचे मूळ आपल्या निवडीत आहे. 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा स्वतः पाचवीपासून ती भाषा शिकलेल्या हजारो शिक्षकांना घाईने तयार करावे लागले. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तिथून केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या गटाला) अशा उतरंडीत सुलभकाचे काम घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाचे ठरवून दिलेले साहित्य, न सांडता पुढे पोहोचवण्याचे होते, आणि निरोप्याला स्वतःची ओळख नसते. हैदराबादला 1958 साली स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून आलेल्या माणसाच्या हाती निदान इंग्रजी अध्यापनाची पदविका असे. आम्हाला चांगले शिक्षक म्हणून उचलले गेले. प्रौढांना शिकवणे हे वेगळे काम आहे, हे मात्र कोणीच सांगितले नाही. मी तर पहिली दहा मिनिटे केवळ धाक बसावा म्हणून अस्खलित इंग्रजीत बोलत असे आणि नंतर दिवसभर सभागृहात कोणी तोंड उघडत नसे.

उत्तर 2 (प्राथमिक शिक्षक)
2016 साली सुरू झालेल्या 'तेजस' या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या उपक्रमात शिक्षकांचे गट नियमित भेटत आणि गटाचा समन्वयक आमच्यातलाच, रोज वर्गावर जाणारा असे. तो स्वतःचा फसलेला पाठ आधी मांडत असल्यामुळे आम्हीही आमचे मांडले. म्हणून माझे मत असे की मॅडमनी आठवड्यातून एक दिवस तरी जवळच्या शाळेत एखादा वर्ग मागून घ्यावा. पटाचा प्रश्न आपोआप मिटेल.

उत्तर 3 (विषय सहायक, दुसरा जिल्हा)
वरील सूचना चांगली असली तरी तिच्यामागचा विचार मला पटत नाही, कारण खडू हातात असेल तरच आपण खरे, असे मानले की प्रशिक्षकाच्या कामाला स्वतःचे मोल उरत नाही. गेल्या महिन्यात मी एका दुसरीच्या वर्गात मागे बसलो होतो. बाई पेन्सिल उंचावून 'व्हॉट इज धिस?' असे विचारत होत्या आणि सगळा वर्ग एका सुरात 'धिस इज अ पेन्सिल' म्हणत होता. त्या सुरात भिंतीकडची तीन मुले नुसते ओठ हलवत होती. पाठानंतर मी चूक दाखवली नाही, फक्त त्या तिघांची नावे बाईंना विचारली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मुलांच्या जोड्या केल्या. अकरा काय, पंधरा वर्षे मी वर्गावर असताना मला असे ओठ कधी दिसले नव्हते. हे पाहणे आणि त्यावर नेमके, न दुखावता बोलणे हीच आपली विद्या आहे. (दुर्दैवाने आपला अर्धा दिवस शिक्षकांकडून ऑनलाइन माहितीच्या लिंक भरून घेण्यात जातो, ती तक्रार वेगळी.)

प्रश्नकर्ती
आपले म्हणणे पटले, परंतु आमच्या पाठनिरीक्षणाच्या प्रपत्रात केवळ 'होय' किंवा 'नाही' यांवर खूण करायची असते. अशा नोंदी आपण कुठे ठेवता?

उत्तर 3
शंभर पानी वेगळ्या वहीत. प्रपत्र कार्यालयात जमा करतो. वही फक्त त्या शिक्षकाला दाखवतो.