उत्तर न सापडलेल्या नोंदी
उडत्या तबकड्या (यूएफओ) दिसल्याच्या नोंदींबद्दल 'उत्तर सापडलं नाही म्हणजे माहितीच तोकडी असणार', असा तर्क केला जातो. अमेरिकी हवाई दलाचा १९५५चा 'विशेष अहवाल क्रमांक १४' बघा. त्यासाठी बॅटेल या संशोधन संस्थेने अशा ३,२०१ नोंदी पंचकार्डांवर (यंत्राने वाचता येणाऱ्या, छिद्रं पाडलेल्या कार्डांवर) चढवून तपासल्या. अपुऱ्या माहितीच्या नोंदींचा गट त्यांनी आधीच वेगळा काढला होता. तरीही साधारण २१ टक्के 'अज्ञात' उरल्या. आणि गंमत म्हणजे, उत्तम दर्जाच्या नोंदींत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास, निकृष्ट नोंदींत जवळपास त्याच्या निम्मं! त्या तर्काने उलटं हवं होतं. अर्थात यातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. अहवालाचा निष्कर्षही तसा नाही. पण पत्रकारांना सांगताना हवाई दलाने अलीकडच्या नोंदींतलं 'अज्ञात'चं ३ टक्के प्रमाणच पुढे केलं, ही मात्र शुद्ध चलाखी.