आबांचे पाइप कुठे शोधू? (भुसावळ)

तापीकाठ: आमचे आबा भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होते, संध्याकाळी ओट्यावर पाइप ओढत बसायचे. तीन-चार पाइप होते, एकाच्या नळीवर पांढरा ठिपका आणि तोंडाशी त्यांच्या दातांच्या खुणा. ते गेल्यावर घर आवरलं त्यात कुठे गेले कोणालाच आठवत नाही, फक्त तंबाखूचा डबा राहिलाय, झाकण उघडलं की आबाच येऊन बसल्यासारखं वाटतं. विकायचे नाहीत, घरात हवेत. सुरुवात कुठून करू?

केळीबाग: आधी आत्यांना विचार भाऊ, माहेरची आठवण म्हणून बाया अशा वस्तू गुपचूप जपून ठेवतात. मग भंगारवाले. जुना फोटो असेल तर तो दाखव, नुसतं सांगून त्यांना कळत नाही.

जुनं_ते_सोनं: पांढरा ठिपका ही डनहिलची खूण, लंडनची कंपनी, त्यामुळे तो जुन्या बाजारात गेला असेल तर कोणीतरी ओळखून वेगळा काढला असणार. बाकीचे बहुतेक ब्रायरचे असतील, भूमध्य समुद्राकडच्या झुडपाच्या मुळाशी गाठ येते तिचं लाकूड. आणि सापडले तर पाण्यात बुडवू नको, लाकूड तडकतं. नळी हिरवट-तपकिरी दिसली तरी घाबरू नको, काळं रबर उन्हानं तसंच होतं. दातांच्या खुणा मात्र घासून घालवू नको रे.

तापीकाठ: चाळीसगावच्या आत्याकडे एक निघाला!! देव्हाऱ्याखालच्या पेटीत, आबांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. ठिपकेवाला नाही, पण खुणा आहेत. बाकीचे शोधतोय.