घरामागे कायोटी फिरतोय, ट्रॅपर बोलवावा का?

मीरा_इलिनॉय
आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. घरामागे ओढा, त्याला लागून कुक काउंटीचं फॉरेस्ट प्रिझर्व्ह, म्हणजे राखीव जंगल. एप्रिल लागल्यापासून एक कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला इथला रानटी प्राणी) भर दिवसा दिसतोय. परवा बाबा (वय ७४, मुक्कामाला आलेत) आमच्या छोट्या कुत्रीला, चिमीला, घेऊन ओढ्याकाठच्या पायवाटेनं गेले, तर तो बराच वेळ त्यांच्या मागे चालत राहिला. अंगावर आला नाही. अंतर राखून चालला आणि वाट रस्त्याला लागते तिथं थांबला. बाबांनी तेव्हापासून बाहेर पडणंच सोडलंय.

येत्या गुरुवारी एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) बैठकीत ट्रॅपर, म्हणजे सापळा लावून जनावरं पकडणारा माणूस, बोलावायचा ठराव आहे. त्या जनावराचा जीव जावा असं मला वाटत नाही, पण उद्या बाबांना काही झालं तर? पकडून नेल्यानं प्रश्न खरंच सुटतो का?

रानवाट
मीरा, आमच्या गावात कायोटीच्या तक्रारी आल्या की घरोघरी जाऊन माहिती देणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तो बाबांच्या नव्हे, चिमीच्या मागे होता. कायोटींचा जोडीचा काळ जानेवारी ते मार्च, पुढे साधारण ६३ दिवसांनी पिल्लं. म्हणजे आत्ता त्या ओढ्याकाठी कुठंतरी बीळ असण्याची दाट शक्यता आहे. या दिवसांत नर-मादी दोघंही कुत्र्याला आपल्या हद्दीत शिरलेला परका समजतात आणि बिळापासून दूर जाईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून सोबत चालतात. रस्त्यापाशी तो थांबला, ते यामुळेच. दिवसा दिसतो म्हणजे पिसाळलाय, असंही नाही. पिल्लांचं पोट भरायचं असतं, दिवसाही फिरावं लागतं.

ट्रॅपरबद्दल. शिकागो परिसरात २००० सालापासून ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन्ली गर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग ठेवतायत. तिथं दिसलेलं असं की ठाण मांडून राहणाऱ्या कायोटीची हद्द सरासरी ५ चौरस किलोमीटरच्या आतबाहेर असते, आणि हद्द नसलेले एकटेदुकटे कायोटी जागा शोधत सतत फिरत असतात. तुमची जोडी उचलली की ती रिकामी जागा दुसरे घेणार. ते कसे वागतील ते कुणाला ठाऊक? आत्ताची जोडी निदान माणसापासून अंतर राखून आहे. शिवाय ‘पकडून नेणं’ म्हणजे लांबच्या जंगलात सोडणं, असा अनेकांचा समज असतो. पुष्कळ राज्यांत तसं सोडायला परवानगीच नाही. पकडलेलं जनावर मारलं जातं. आणि एप्रिल-मेमध्ये आई गेली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. हे ठरावात स्पष्ट लिहायला लावा, म्हणजे हात वर करणाऱ्यांना आपण कशाला होकार देतोय ते कळेल.

बाबांसाठी: पिल्लं बिळाबाहेर हिंडायला लागेपर्यंत, म्हणजे इथला जूनपासूनचा उन्हाळा चांगला सुरू होईपर्यंत, ती पायवाट टाळा. पट्टा आखूड हवा, दोन मीटरच्या आतला. लांबत जाणारा नको. कायोटी दिसला की चिमीला उचलून घ्यायचं, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. बिळाजवळ असाल तर त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. एरवी अंगणात किंवा रस्त्यावर आला, तर मात्र त्याला हाकलायलाच हवं: हात उंच करून ओरडा, शिट्टी फुंका, छत्री फटकन उघडा, होजनं पाणी मारा. तो दोन पावलं मागे जाऊन बघत बसला की बहुतेक जण थांबतात. तिथं थांबू नका. पूर्ण नजरेआड होईपर्यंत चालू ठेवा, नाहीतर ही माणसं नुसता आवाज करतात एवढंच तो शिकतो.

ऑरेंज_काउंटी
ऐकायला छान आहे सगळं. आमची मांजर गेल्या वर्षी कायोटीनं अंगणातून नेली, कुंपण असून. माझी मुलगी अजून रात्री दार बंद आहे का ते बघून येते. ‘अंतर राखून आहे’ म्हणायला सोपं आहे.

रानवाट
तुमचं दुःख मी हलकं करणार नाही. शिकागोच्या अभ्यासात कायोटींच्या विष्ठेचे चौदाशेवर नमुने तपासले. मांजर सापडलं ते एखाद-दुसऱ्या टक्क्यात, उंदीर-घुशींसारखे प्राणी ४२ टक्क्यांत. पण तुमच्या शेजारच्या लॉस एंजेलिसच्या दाट वस्तीत मांजरांचं हेच प्रमाण साधारण २० टक्के निघालं. म्हणून तुमच्या भागात मांजर मोकळं सोडूच नये, असं मी ठामपणे सांगतो. माणसांच्या बाबतीत चित्र निराळं आहे. अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच: १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला एक लहान मुलगी, आणि २००९ मध्ये नोव्हा स्कोशियात एक तरुणी. चावे त्याहून बरेच जास्त आहेत, आणि त्यांच्या मागे पुन्हा पुन्हा निघणारं एक कारण म्हणजे कुणीतरी त्या जनावराला खायला घालत होतं.

मीरा, आजूबाजूला कुणी अन्न ठेवतं का?

मीरा_इलिनॉय
आज बाबांनीच शोधून काढलं. आमच्या रांगेतल्या एक आजी भटक्या मांजरांसाठी रात्रभर डबा उघडा ठेवतात. शिवाय तीन घरांच्या बर्ड फीडरखाली दाण्यांचा सडा, त्यावर उंदीर. आजी एकट्या असतात, त्यांना दुखवायचं जिवावर येतं.

रानवाट
मग बैठकीत त्यांचं नाव काढूच नका. आधी घरी जा, बाबांनाही न्या. मांजरांना दिवसा, समोर बसून खाऊ घाला आणि डबा लगेच उचला, एवढंच सांगा. मांजरांच्या जिवासाठीही तेच बरं. गुरुवारी ट्रॅपरच्या ठरावाला पर्याय म्हणून लेखी मांडा: उघड्यावर अन्न नाही, फीडरखालची जागा रोज साफ, कचऱ्याला घट्ट झाकण, ओढ्याच्या वाटेवर बिळाच्या हंगामापुरती कुत्रा न आणण्याची पाटी. उंदरांसाठी विष मात्र कुणाला घालू देऊ नका, ते उंदरांतून कायोटीच्या आणि घुबडांच्या पोटात जातं. आणि एक कायोटी पुन्हा पुन्हा माणसांच्या अंगावर येतोय किंवा चावलाय असं झालं, तर तेवढ्या एकाला काढावंच लागतं. तेव्हा पहिला फोन मीच करीन.