मदत हवी आहे: व्हेपचं बटण टचचं घ्यावं की खटक्याचं?

लेस्टरचा_धुरकट

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, "सोडून द्या की सगळंच" हा सल्ला बायको रोज सकाळी चहाबरोबर देते, तो इथे नको. अठरा वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्या. आठ महिने झाले, एकही नाही. त्याऐवजी व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट चालू आहे आणि निकोटीन २० मिलिग्रॅमवरून १० वर आणलंय. अडलंय ते बटणावर.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, फ्रोझन मालाच्या गोदामात रात्रपाळीला. पूर्वी वापरून फेकायचे व्हेप घ्यायचो. १ जून २०२५ पासून ते विकायला इथे बंदी आली, म्हणून चार्ज करून पुन्हा भरायचा घेतला. दिसायला देखणा. बटण नाहीच, कडेला गुळगुळीत काळी पट्टी आहे. तिच्यावर बोट टेकवलं की दिवा लागतो आणि कॉइल, म्हणजे आतला रस तापवणारी तार, तापते.

त्रास दोन. हातमोजे असले की पट्टी अजिबात दाद देत नाही. दहा मिनिटांच्या सुट्टीत मागच्या आवारात उभं राहायचं, एक हातमोजा दातांत धरून ओढायचा, तोवर बोटं बधिर. दुसरा त्रास बरोबर उलटा. गेल्या आठवड्यात कपडे बदलायच्या खोलीत वाकून बूट सोडत होतो, तर छातीशी चटका बसल्यासारखं झालं. जॅकेटचा आतला खिसा चाचपला तर व्हेप तापलेला, दिवा लुकलुकतोय आणि कापूस जळल्याचा वास. कॉइल गेली. अस्तराला काही झालं नाही, पण माझी झोप उडाली.

दुकानातला पोरगा म्हणतो, टचच्या भानगडीत पडूच नका, मेकॅनिकल घ्या. पितळेची नळी, आत बॅटरी, खाली बटण, बिघडायला आत काही नाहीच. ऐकायला पटतं. गावच्या घरातले काळे बॅकेलाइटचे खटके माझ्या जन्माआधीपासून चालू आहेत आणि पुण्याच्या फ्लॅटमधला टचचा स्विचबोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात गेला. मग घेऊन टाकू का मेकॅनिकल?

रानजाई

बाप रे. काय घ्यायचं ते नंतर ठरवा, आधी तो तापलेला वापरणं बंद करा. परत चार्जिंगलाही लावू नका.

वायरमन_काका

मी विडीलाही कधी हात लावलेला नाही, पण वीज मंडळात एकतीस वर्षं काढली आणि करंट सगळीकडे सारखाच वागतो. एक विचारतो. कामावर फ्रीझरमध्ये जाताना हे यंत्र खिशातच असतं का? आणि आपोआप चालू होतं ते बाहेर आल्यावरच ना?

लेस्टरचा_धुरकट

काका, खिशातच असतं. आत उणे वीसच्या खाली तापमान. आणि हो, आता आठवून बघतो तर, आधी दोनदा आपोआप चालू झाला होता ते धरून, तिन्ही वेळा बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटांतच झालंय. मला वाटलं पीसच खराब निघाला.

वायरमन_काका

पीस खराब नसेलही. फ्रीजमधल्या पाण्याच्या तांब्याला बाहेर काढल्यावर घाम सुटतो की नाही? तोच घाम तुमच्या पट्टीवर येतो. पट्टीच्या आत धातूचा पातळ थर असतो. बोट जवळ आलं की त्याची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते आणि तेवढ्यावरून चिप समजते की मालकानं हात लावला. पाण्याच्या थेंबानंही ती बदलते. जाड हातमोजा घातला की बोट लांब पडतं, मग बदल इतका थोडा होतो की चिपला पत्ताच लागत नाही. म्हणजे तुमचे दोन्ही त्रास एकाच कारणाचे. काही सेकंदांनी आपोआप बंद व्हायची सोय त्यात असणारच, पण थेंब ओघळला की चिपला वाटतं परत नवीन बोट आलं. बहुधा असंच चालू-बंद होत राहिलं असेल.

आता त्या पोराच्या सल्ल्याकडे येतो. त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली घातल्यात. दाबायचं बटण म्हणजे मेकॅनिकल नव्हे. शेतातल्या मोटरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबता तेव्हा मोटरचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉन्टॅक्टरला इशारा देतं, भार तो उचलतो, आणि लोड वाढला की रिले सगळं सोडवतो. दाबायच्या बटणाच्या साध्या व्हेपमध्ये हीच रचना आहे. बटणातून नावापुरता करंट जातो, कॉइलचा करंट चिपच्या हुकमावर चालणारा मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक खटका सोडतो. टचच्या व्हेपमध्येही मागे हेच सगळं असतं, फक्त इशारा द्यायची पद्धत वेगळी.

पितळेच्या नळीत स्टार्टरच नाही. स्टार्टर जळला की आपल्याकडे मोटर डायरेक्ट मारतात ना, तसं. चालते झकास. वाइंडिंग जळेपर्यंत.

चिऊ_बर्मिंगहॅम

काकांचं उदाहरण एकदम चपखल! मी दोन वर्षं तशी नळी वापरली आहे, तांब्याची. काळी पडायची म्हणून रविवारी देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच लावून घासायचे. सासूबाईंना ती अगरबत्तीची नळी वाटायची, मीही कधी खुलासा केला नाही.

दादा, "बिघडायला काही नाही" हे अर्धं खरं आहे. चिप नाही, म्हणजे तुम्हाला अडवणारंही कोणी नाही. त्या नळीत १८६५० नावाची बॅटरी बसते, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट. कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपियर, ठीक. पण ०.२ ची लावलीत तर २१ अँपियर, आणि चांगल्या बॅटऱ्याही बऱ्याचदा सलग १५-२० अँपियरच्याच असतात. हा भागाकार दर वेळी तुम्ही करायचा आणि कॉइलचा ओहम मीटरवर मोजून घ्यायचा. रात्रपाळीच्या सुट्टीत कोण करणार हे?

शिवाय तिथला सगळा करंट खरोखर त्या बटणातूनच जातो. दर वेळी बारीक ठिणगी पडते, टेकणारी जागा काळी होते, मग तिथेच उष्णता. माझ्या नळीची स्प्रिंग अशीच तापून मऊ पडली होती. बटण दाबलं ते वर आलंच नाही. भर स्वयंपाकघरात नळी ओट्यावर टाकून चिमट्यानं खालचं झाकण फिरवलं तेव्हा सुटली. खिशात चालू होऊ नये म्हणून बटणाला आट्यांची कडी असते, पण ती आवळायची आठवण आपणच ठेवायची. काहींत तर वरच्या रसाच्या टाकीची पिन थेट बॅटरीवर टेकते. पिन पुरेशी बाहेर आलेली नसली की टाकीची कडच टेकते, आणि थेट शॉर्ट. व्हेप फुटून २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एकेक माणूस गेला आहे. तेव्हापासून मी ती नळी काढून टाकली.

तुम्ही दाबायच्या बटणाचा आणि आत चिप असलेलाच घ्या. दुकानात हातमोजा घालून दाबून बघा, बोटाला टक् जाणवलं पाहिजे. बटण पृष्ठभागाच्या किंचित आत बसलेलं असेल तर उत्तम. बऱ्याच मॉडेलांत बटण पाच वेळा पटापट दाबलं की कुलूप लागतं. फक्त बटणाच्या फटीत रस झिरपून चिकट होतं, ते अधूनमधून पुसा.

रानजाई

बटणच नको असेल तर नुसता झुरका ओढला की चालू होणारेही मिळतात. पण त्यात हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो आणि ओलाव्याशी त्याचंही पटत नाही. तुमच्या कामाला नको.

कोथरूडकर

हे आत चिप असलेलं बटणवालं पुण्यात कुठे मिळेल? का भावाला येताना आणायला सांगू?

चिऊ_बर्मिंगहॅम

कोथरूडकर, अजिबात सांगू नका. २०१९ च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, सगळ्यालाच बंदी आहे. बाहेरून आणल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाऊ विमानतळावर अडकेल.

लेस्टरचा_धुरकट

मंडळी, काम झालं. काल दुसऱ्या दुकानातून बटणाचा घेतला. काउंटरवर हातमोजा चढवून टक् टक् करून बघितलं, दुकानदार हसत होता. आता तो लॉकरमध्येच ठेवतो, फ्रीझरमध्ये नेतच नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकायची, तेही आपोआप सुटलं. जुना त्याच दुकानाच्या परत घ्यायच्या डब्यात टाकला.

कोथरूडकरांमुळे मात्र नवीन घोर लागला. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतोय. तिथे काय करू? पुन्हा टपरीवर जायचं नाहीये.

रानजाई

निकोटीनची गम घ्या. २ मिलिग्रॅमची पुण्यात मेडिकलमध्ये मिळते, पण डोस इंग्लंडमधून निघण्याआधीच फार्मसिस्टला विचारून ठरवा. भारतात तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइनही आहे, १८००११२३५६. आणि ती गम च्युइंगमसारखी कचाकचा चावू नका, उचकी लागते. हळू चावायची, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायची. झिणझिणी गेली की पुन्हा चावायची.